ओळखीच्या मेडिकलमध्येही चिठ्ठी का मागतात?

मागच्या अंकात अँटिबायोटिकच्या अर्धवट सोडलेल्या कोर्सबद्दल लिहिलं होतं. पत्रं आली ती मात्र बहुतेक दुसऱ्याच विषयावर: झोपेच्या गोळ्या, दुखण्याच्या जालीम गोळ्या, मॉर्फिन, आणि "मेडिकलवाला देतच नाही". मिरजेत माझं दुकान सुरू होऊन सव्वीस वर्षं झाली. दवाखान्यांच्या या गावात दिवसाला दीड-दोनशे चिठ्ठ्या हाताखालून जातात. त्यातल्या सात-आठच अशा असतात, की ज्यांच्यासाठी मला वेगळं रजिस्टर उघडावं लागतं. काउंटरवर आवाज चढतात ते बहुतेक त्या सात-आठांपायीच. म्हणून या वेळचं सगळं पान त्यांना दिलं आहे. पत्रं थोडक्यात घेतली आहेत आणि नावं वगळली आहेत.

प्रश्न (फलटण): माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे. सहा वर्षांपासून रात्री झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅमची एक गोळी घेते. ज्या मेडिकलमधून आम्ही पंधरा वर्षं औषधं नेतो, त्याने गेल्या महिन्यात "नवी चिठ्ठी आणा, त्याशिवाय देणार नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दुकानात काही न विचारता दुसऱ्या कंपनीची गोळी दिली. ती ०.५ ची निघाली. आई पहाटे बाथरूमला जाताना पडली. इतक्या वर्षांच्या ओळखीला काही अर्थच नाही का?

उत्तर: आईंना फार लागलं नसावं, अशी मनापासून इच्छा करते. पण दादा, तुमच्या पत्रात दोन दुकानं आहेत आणि तुमचा राग चुकीच्या दुकानावर निघाला आहे.

ती स्ट्रिप एकदा उजेडात धरून पाहा. लाल अक्षरांत 'एनआरएक्स' छापलेलं दिसेल, ती चिठ्ठीवरच द्यायच्या गुंगीच्या औषधाची खूण. हे औषध दोन कायद्यांच्या कचाट्यात आहे. एक, १९४५ च्या औषध नियमांमधलं 'एच-वन' हे परिशिष्ट. दुसरा, १९८५ चा गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. एच-वन १ मार्च २०१४ पासून लागू झालं. तेव्हापासून या यादीतलं औषध देताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, सगळी याच यादीत. क्षयरोगाची औषधं आणि काही वरच्या दर्जाची अँटिबायोटिकंही त्यातच आहेत, म्हणजे यादी फक्त नशेची नाही.

आता जुन्या चिठ्ठीचं. नियम ६५ सांगतो की चिठ्ठी एकदाच वापरायची. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरांनी तसं तिच्यावर लिहिलेलं हवं: किती वेळा, किती दिवसांनी. औषध दिलं की दुकानदाराने डॉक्टरांच्या सहीच्या वर आपल्या दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची. तुमच्या चिठ्ठीवर शिक्के पाहा. पहिल्या शिक्क्यालाच तिचं काम संपलं होतं. त्यानंतर सहा वर्षं तुम्हाला गोळी मिळत राहिली ती ओळखीवर, आणि ओळखीच्या दुकानदाराने ती चूक आता थांबवली. सहा वर्षं उशिरा, पण थांबवली.

दुसऱ्या दुकानाने दोन गोष्टी केल्या, दोन्ही चुकीच्या. चिठ्ठी न पाहता दिली. आणि लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरं दिलं. एच आणि एक्स परिशिष्टांतल्या, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या बदली दुसरी कंपनी किंवा दुसरं औषध आपल्या मर्जीने द्यायला नियमात मनाई आहे. ती कशासाठी, हे तुमच्या घरी पहाटे घडलं. एकाच कंपनीच्या ०.२५ आणि ०.५ च्या स्ट्रिप शेजारी ठेवल्या तर माझ्यासारखीलाही चष्मा लावून बघावं लागतं. मी त्या दोन वेगवेगळ्या खणांत ठेवते, वरखाली नाही.

मी हे इतक्या ठामपणे का सांगते? एच-वन यायच्या आधीची गोष्ट आहे. आमच्या गल्लीतल्या एक काकू दर पंधरवड्याला यायच्या, पदराच्या गाठीतले पैसे सोडायच्या आणि म्हणायच्या, "ती माझी निळी दे गं." मी द्यायचे. दोन वर्षं दिली. कधी दहा, कधी पंधरा. नंतर त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरायला लागले, माणसं ओळखेनात, रात्री पलंगावरून उतरून चालायला लागल्या. डॉक्टरांनी विचारलं, घरी काही झोपेचं चालू होतं का? घरात कुणालाच माहीत नव्हतं. मुलगा धावत माझ्याकडे आला: आई काय घ्यायची, किती, कधीपासून? माझ्याकडे कागदाचा कपटाही नव्हता. मी अंदाजाने सांगितलं. काकू बऱ्या झाल्या, पण त्या मुलाचं तोंड मी विसरले नाही. आज कुणी असं विचारायला आलं तर तीन वर्षांमागची तारीखसुद्धा मी पाच मिनिटांत काढून देते. रजिस्टर पोलिसांसाठी ठेवलेलं असतं अशी लोकांची समजूत आहे. मी ते काकूंसाठी लिहिते.

तुम्ही आता काय करायचं? गोळी एकदम बंद करू नका, हे सर्वांत महत्त्वाचं. सहा वर्षांची सवय झटक्यात तोडली तर फिट येऊ शकते. आईंना डॉक्टरांकडे न्या, पडल्याचं सांगा, गोळी हळूहळू कमी करता येईल का विचारा. चालू ठेवायची ठरली तर चिठ्ठीवर तारीख, पूर्ण नाव-पत्ता, मात्रा, एकूण गोळ्या आणि किती वेळा द्यायच्या हे लिहून घ्या. एनडीपीएसच्या नियमांप्रमाणे स्वतःच्या उपचारासाठी अशा औषधाचे एका वेळी शंभर डोस जवळ ठेवता येतात. दीर्घ आजारात डॉक्टरांनी खास लिहिलं असेल तर तीनशेपर्यंत. म्हणजे दर आठवड्याला खेपा घालायची गरज नाही. फक्त फोनवर डॉक्टरांना विचारून, व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठी मागवून हे जमणार नाही. मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत एक्स परिशिष्टातली आणि एनडीपीएसच्या यादीतली औषधं दुरून लिहायला मनाई केली आहे. त्याच महिन्यात लॉकडाउनसाठी घरपोच औषधांची जी सवलत निघाली, तिच्यातूनही ही औषधं वगळली होती.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर जिल्हा): मी डी. फार्म. (फार्मसीची पदविका) झालो. दीड वर्षापासून एका मेडिकलमध्ये माझं प्रमाणपत्र लावलेलं आहे. संध्याकाळी सात-आठ मुलं 'बटन' मागायला येतात. मालक चिठ्ठीशिवाय देतात आणि रात्री मला एच-वनमध्ये काहीही नावं भरायला सांगतात. "सही तुझी, दुकान माझं" म्हणतात. नोकरी गेली तर घर चालणार नाही. काय करू?

उत्तर: बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुपारी जेवताना तेच डोक्यात होतं. मऊ बोलून उपयोग नाही, म्हणून स्पष्ट लिहिते.

तिकडे 'बटन', मालेगावात 'कुत्ता गोळी'. नावं काहीही असोत, आत असतं अल्प्राझोलाम किंवा नायट्राझेपाम. चिठ्ठीशिवाय, उपचाराशिवाय विकलं की ती औषधाची विक्री राहत नाही. एनडीपीएसचं कलम २२ लागतं. शिक्षा सापडलेल्या मालाच्या वजनावर ठरते. अल्प्राझोलामचं 'अल्प प्रमाण' पाच ग्रॅम आणि 'व्यापारी प्रमाण' शंभर ग्रॅम. तुझ्या मालकाला वाटत असेल की गोळीत अर्धा मिलिग्रॅमच तर औषध, शंभर ग्रॅमला दोन लाख गोळ्या लागतील. तसा हिशेब आता चालत नाही. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात सांगितलं की मिश्रणाचं सगळं वजन धरायचं, नुसतं शुद्ध औषधाचं नाही. गोळीचं वजन शंभर मिलिग्रॅम धरलं तर हजार गोळ्या म्हणजे शंभर ग्रॅम. हजार गोळ्या म्हणजे शंभर स्ट्रिप. बुटांच्या एका खोक्यात मावतील. आणि व्यापारी प्रमाणाची शिक्षा दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी, शिवाय एक ते दोन लाख दंड.

'सही तुझी, दुकान माझं' हे वाक्य तू नीट ऐक. त्यात तो तुला खरंच सांगतो आहे की अडकणार कोण. नियमाप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं असतं. भिंतीवर प्रमाणपत्र तुझं आहे. खोट्या नोंदी टिकतही नाहीत. औषध निरीक्षक होलसेलरच्या बिलावरून खरेदी काढतो, रजिस्टरवरून विक्री काढतो, कपाटातली शिल्लक मोजतो. मग रजिस्टरमधल्या दोन-चार डॉक्टरांना फोन लावतो. एवढ्यात सगळं उघडं पडतं. राज्य फार्मसी कौन्सिलला गैरवर्तनासाठी नोंदणीतून नाव काढून टाकण्याचाही अधिकार आहे. एकदा नाव गेलं की दीड वर्षाची नोकरी राहिली बाजूला, शिक्षणच वाया.

आज रात्रीपासून एकही खोटी ओळ लिहू नकोस. मालकाला लेखी राजीनामा दे, तारीख घालून. त्याची प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आवक शिक्का मारून दे. फार्मासिस्ट बदलला की परवानाधारकाने कळवायचं असतं, पण तू त्याच्यावर विसंबू नकोस. स्वतः कळव. प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवून घरी आण. प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे. अमली पदार्थांच्या तक्रारीसाठी केंद्राचा १९३३ आहे. आणि ती मुलं? त्यातलं एखादं जरी एकटं आलं तर त्याला १४४४६ लिहून दे, ती व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मी काउंटरच्या काचेखाली तो आकडा मोठ्या अक्षरांत लावला आहे. कोण कधी तो वाचतं मला कळत नाही, पण कागद दरवर्षी बदलते.

मुलं कशी येतात ते मलाही माहीत आहे. काही वर्षांपूर्वी भर दुपारी एक विशीतला मुलगा चिठ्ठी घेऊन आला. डॉक्टर ओळखीचे, सही खरी, तारीख कालची. गोळ्या चाळीस. त्या डॉक्टरांनी एवढ्या कधी लिहिलेल्या मला आठवत नव्हत्या. चिठ्ठी दिव्याखाली धरली. सगळी शाई काळी, फक्त चारच्या डाव्या बाजूच्या दोन रेघा निळसर. दहाच्या एकाला दोन रेघा जोडून चार केला होता. मी डॉक्टरांना फोन लावला आणि त्याच्यासमोरच विचारलं. ते म्हणाले, "दहा लिहिल्यात, आईच्या नावावर आहेत." मुलगा चिठ्ठी तिथेच टाकून निघून गेला. त्या आईला दहा गोळ्या खरंच हव्या होत्या. मी संध्याकाळी डॉक्टरांना पुन्हा फोन करून घरचा पत्ता घेतला आणि आमच्या पोऱ्याच्या हाती पाठवल्या, नोंद करून, थेट तिच्याच हातात द्यायला सांगून.

प्रश्न (नाशिक): माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) आहे. डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट दिलं आहे. शहरातल्या पाच दुकानांनी "ठेवत नाही" म्हटलं. सहाव्याने चिठ्ठीची एक प्रत ठेवून घेतली आणि मुलाचा पत्ता लिहून घेतला. रांगेतले लोक बघत होते. मला रडू आलं.

उत्तर: ताई, तुमच्या मुलाने काहीही गैर केलेलं नाही, तुम्हीही नाही, आणि त्या सहाव्या दुकानदारानेही नाही. त्याने बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारायला हवं होतं, एवढं मात्र खरं. ते आम्ही शिकलं पाहिजे.

मिथाइलफेनिडेट एक्स परिशिष्टात आहे, एच-वनपेक्षाही कडक. ते विकायला नेहमीचा परवाना पुरत नाही, '२०-एफ' नावाचा वेगळा घ्यावा लागतो. पाचही दुकानांकडे तो नसणार. डॉक्टरांनी चिठ्ठी दोन प्रतींत लिहायची, एक आम्ही दोन वर्षं ठेवायची. औषध कुलपात, फक्त त्याच औषधांसाठी राखलेल्या कपाटात. माझ्याकडे ते डाव्या भिंतीला आहे, हातभर रुंदीचं पत्र्याचं कपाट. किल्ली माझ्या मंगळसूत्राला अडकवलेल्या सेफ्टी पिनेत असते. त्याचं रजिस्टर बांधीव, पानांवर छापील आकडे असलेलं, म्हणजे पान फाडलं तर कळेल. एका औषधाला एक पान. सकाळची शिल्लक, आलेला माल कुणाकडून, बॅच नंबर, कुणाला किती दिलं, पत्ता, चिठ्ठीचा क्रमांक, बिलाचा क्रमांक आणि माझी सही. परवाच्या दिवशीची ओळ सांगते: सकाळी साठ, दिल्या तीस, उरल्या तीस. दुकान बंद करताना मी कपाट उघडून त्या तीस हाताने मोजल्या. रोज मोजते.

तुमच्यासाठी तीन व्यवहारी गोष्टी. डॉक्टरांनाच विचारा की त्यांच्या चिठ्ठ्या कोणत्या दुकानात जातात; त्यांना माहीत असतं. दुकानाला आठवडाभर आधी फोन करा, कारण हा माल आम्ही भरून ठेवत नाही. आणि स्ट्रिप मुलाच्या दप्तरात कधीही देऊ नका. शाळेच्या वेळेत डोस असेल तर डॉक्टरांशी बोला, सकाळी एकदाच घ्यायचे प्रकारही असतात. तुमचं दुकान आता ठरलं आहे, तर पुढच्या वेळी दुपारी तीनच्या सुमाराला जा. रांग नसते.

प्रश्न (उदगीर): वडिलांना तोंडाचा कर्करोग आहे. मुंबईच्या रुग्णालयाने मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या दिल्या होत्या. त्या संपत आल्या. इथल्या एकाही मेडिकलमध्ये नाहीत. एकाने चिठ्ठी बघून हात जोडले, एकाने ट्रामाडॉल देऊ का विचारलं. वडील रात्री उशी चावतात. एवढ्यासाठी मुंबईला जायचं का?

उत्तर: या पत्राला अंकाची वाट पाहिली नाही, फोनवर बोलणं झालं. आणखी घरांना उपयोग होईल म्हणून इथे लिहिते.

मॉर्फिन मिळत नाही याचं कारण टंचाई नाही. मॉर्फिन अफूपासून होतं, आणि आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. शेतकऱ्याने किती जमिनीत लावायची तेही ठरलेलं. चीक सरकारच विकत घेतं आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो. शेतापासून गोळीपर्यंत प्रत्येक ग्रॅमचा हिशेब आहे. अडलं ते दुसरीकडे. १९८५ चा कायदा इतका धाक घालणारा झाला की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. राज्याराज्यांचे नियम वेगळे, एका गोळीसाठी चार-चार, पाच-पाच परवाने, ते वेगवेगळ्या खात्यांचे, आणि एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली. डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या मॉर्फिनची चिठ्ठी न लिहिता निवृत्त झाल्या. तिरुवनंतपुरमचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्याबरोबरचे लोक यासाठी वर्षानुवर्षं झगडले. शेवटी २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधं' ठरवली गेली आणि २०१५ च्या नियमांनी सगळे परवाने एका खात्याकडे, राज्याच्या औषध नियंत्रकाकडे आणले. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असलेलं रुग्णालय 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' होऊ शकतं आणि रुग्णाला घरी न्यायला मॉर्फिन देऊ शकतं.

म्हणून मेडिकल पालथी घालू नका. माझ्याकडेही मॉर्फिन नाही. आमच्यातल्या फारच थोड्यांकडे त्याची परवानगी असते. हात जोडणाऱ्याला दोष देऊ नका. चौकशी करायची ती संस्थांकडे. मुंबईच्या रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर (वेदनाशमन) विभागाला फोन करून विचारा: मराठवाड्यात तुमच्या माहितीतली मान्यताप्राप्त संस्था कोणती? बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात विचारा. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वेदना विभाग किंवा भूल विभाग गाठा, कारण हे काम बऱ्याचदा भूलतज्ज्ञच करतात. वडिलांना न हलवता तुम्ही एकटे कागद घेऊन आलात तर चालेल का, हेही आधीच विचारा. जाताना मूळ चिठ्ठी, रुग्णालयाचं कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, वडिलांचं आणि तुमचं ओळखपत्र, आणि उरलेल्या गोळ्यांची रिकामी-भरलेली सगळी पाकिटं न्या. रिकामी पाकिटं फेकू नका. पुढच्या वेळी डॉक्टर त्यावरूनच पाहतात की गोळ्या वडिलांच्याच पोटात गेल्या.

मॉर्फिन आणि ट्रामाडॉल एकत्र आपल्या मनाने देऊ नका. मॉर्फिनची साधी गोळी चार-चार तासांनी घड्याळ लावून द्यायची असते, दुखायला लागण्याची वाट पाहून नाही. बद्धकोष्ठता होणारच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. ते लिहून दिलं नसेल तर मागा. फार गुंगी आली, हाक मारून जाग येत नसेल, श्वास मंदावला असेल तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. "सवय लागेल" असं शेजारीपाजारी म्हणतील. कर्करोगाच्या वेदनेत डॉक्टरांच्या सांगण्यानुसार दिलेल्या मॉर्फिनबद्दल ही भीती बाळगून माणसाला रात्रभर उशी चावायला लावणं मला क्रूर वाटतं.

आणि कुणी 'जास्त पैसे द्या, आणून देतो' म्हणालं तर घेऊ नका. गोळी खरी आहे की खोटी हे कळायला मार्ग नाही, आणि सापडलात तर चिठ्ठी असूनही तुमच्याकडे बिल नसेल.

उदगीरच्या या भावाला चौथ्या दिवशी गोळ्या मिळाल्या. मुंबईला जावं लागलं नाही.

प्रश्न (चिपळूण): आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी मुलीकडे दुबईला जातो आहोत. यांना कंबरेसाठी ट्रामाडॉल आणि मला खोकल्यासाठी कोडीनचं सिरप लागतं. इथून नेलं तर चालेल?

उत्तर: नुसतं बॅगेत टाकून अजिबात नेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत ही दोन्ही औषधं नियंत्रित आहेत. प्रवासाआधी तिथल्या सरकारकडे ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. मुलीला करायला सांगा. चिठ्ठी, डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र, बिल आणि औषध मूळ पाकिटात. गोळ्या काढून छोट्या डब्यांत भरू नका. त्याहून सोपं म्हणजे दोघांनीही डॉक्टरांना भेटून बदली औषध मागा. तीन महिने खोकला कोडीनवर ठेवणं मला तसंही पटत नाही. तो का राहतो हे आधी तपासा. एक आणखी: मुलीसाठी अनारसे नेणार असाल तर खसखस लावलेले नेऊ नका, सुटी खसखसही नको. तिथे तिच्यावर बंदी आहे.

प्रश्न (कोल्हापूर): माझे यजमान दोन महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या ड्रॉवरमध्ये फेंटानिलचे चार पॅच (दुखण्यासाठी अंगावर चिकटवायच्या पट्ट्या) आणि मॉर्फिनच्या बावीस गोळ्या उरल्या आहेत. महागाचं औषध आहे. दुसऱ्या एखाद्या रुग्णाला देता येईल का?

उत्तर: वहिनी, तुमची भावना समजते, पण देऊ नका. त्यांच्या नावाने, त्यांच्या वजनाला आणि सवयीला बेतलेली मात्रा होती. ज्याने आधी असं औषध घेतलेलं नाही, त्याचा एका पॅचनेही श्वास थांबू शकतो. कायद्यानेही ते औषध फक्त त्यांच्याच वापरासाठी तुमच्या घरात होतं. मेडिकलमध्येही परत आणू नका. माझ्याकडे आणलंत तरी ते कुठल्या रजिस्टरला लिहायचं, हा प्रश्न पडेल.

ज्या संस्थेने दिलं तिथे फोन करून परत घेतात का विचारा. घेत नसतील तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शनात सतरा औषधांची अशी यादी आहे, जी घरात पडून राहण्यापेक्षा फ्लश करावीत. फेंटानिल आणि मॉर्फिन दोन्ही त्यात आहेत. पॅचची चिकट बाजू आत येईल असा तो मधोमध दुमडा, बोटांना जेल लागू देऊ नका, मग संडासात टाकून पाणी सोडा. अंगावरून काढलेले जुने पॅच कुठे कचऱ्याच्या डब्यात पडले असतील तर तेही शोधा. वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं आणि तुमच्या घरी नातवंड रांगतं आहे असं तुम्ही लिहिलं आहे. गोळ्याही पाकिटातून काढून तशाच फ्लश करा. रिकाम्या पाकिटावरचं नाव फाडून मग ते कचऱ्यात टाका. हात साबणाने धुवा. एकटीने करायचं नसेल तर रविवारी सकाळी दुकानात फोन करा. सांगलीहून माझी बहीण कोल्हापूरला येते. तिला पाठवते, ती तुमच्याजवळ बसेल.